आतलं पाकीट

टॅनर्स गॅप, पेनसिल्व्हेनिया
८ ऑक्टोबर २०२३

क्लेम,

तुझ्या घशाची जखम भरली, बरं झालं. पण डॉक्टरांनी बोलायचं यंत्र दिलंय म्हणून उगाच फोन करू नकोस. मागच्या वेळी तुझं यंत्र घरघरत होतं, माझ्या कानातलं ऐकायचं यंत्र शिट्ट्या मारत होतं, आणि दोघं नुसते "काय? काय?" करत बसलो. पत्र लिही. मला वाचता येतं.

सोबत आईची खसखस पाठवलीय. जमीन गोठायच्या आत पेर, नाहीतर नाताळात खसखशीच्या गुंडाळीसाठी पुन्हा माझ्याच दारात येशील. घरात एक पिवळं पाकीट नवंकोरं पडलं होतं, जाड कागदाचं, त्यात भरलीय. वर काहीबाही छापलं होतं, त्यावर कागद डकवून 'खसखस' लिहिलंय. नाहीतर तुझी सून जाहिरात समजून फेकून देईल.

आता कामाचं. आपली मार्नी गावच्या कौन्सिलला उभी आहे. तुझ्या कानावर आलं असेल. वरच्या धरणाचं पाणी विकायचं चाललंय. बाहेरची कंपनी येणार, गावाला एकदाच पैशांचा गठ्ठा देणार आणि मग आपल्याच नळाचं बिल आपल्याला लावणार. ज्या भिंतीत पपांनी दगड बसवले ती भिंत. कौन्सिलमध्ये तीन जण विका म्हणतात, तीन जण नको म्हणतात. सातवी खुर्ची रिकामी होतेय. एका बाजूला ड्वेन लेफ्लर, तो विकणार. दुसऱ्या बाजूला माझी नात. सकाळी शाळेची बस चालवते, दुपारी दारोदार हिंडते. पोरीचे बूट झिजले, मीच म्हटलं, नवे घे, मतं मागायला आलीस की भीक, लोकांना कळू दे.

कमरेच्या ऑपरेशनमुळे मी यंदा टपालानं मत दिलं. मार्नीनंच अर्ज भरला. "आजी, मी बसू का शेजारी?" म्हणाली. म्हटलं, तू जन्मायच्या आधीपासून मत देतेय, जा. पाच मिनिटांत काम उरकलं आणि पेटीत टाकलं.

व्हर्ना


ईस्ट हॅडली
१४ ऑक्टोबर

व्हर्ना बाई,

खसखशीचं पुडकं पोचलं. गॅरेजच्या फळीवर ठेवलंय, अंगण खणून झालं की उघडतो.

तुला हसायला एक गोष्ट. मीही यंदा टपालानंच मत दिलं. परवा आमच्या निवडणूक कचेरीतून फोन आला. सुनेनं घेतला. म्हणे, मि. सॅबोलनी पाकिटावर सहीच केली नाही, येऊन करून जाल का? मला वाटलं पोरं थट्टा करतायत. पोरगा रॉनी गाडीतून घेऊन गेला. काउंटरवरच्या पोरीनं माझंच पाकीट पुढ्यात ठेवलं, पेन दिलं, "इथे, साहेब." केली सही. वर म्हणाली, "कॉफी घेणार?" यंत्रातून बोलायला गेलो तर बिचारी दचकली.

इतकी वर्षं ट्रक चालवताना हजार कागदांवर सह्या केल्या आणि नेमकी इथं विसरलो. म्हातारपण, दुसरं काय. तुझं सगळं नीट आहे ना? एकदा विचारून घे तुमच्या कचेरीत. मार्नीला एकेक मत लागणार.

तुझा भाऊ,
क्लेम


टॅनर्स गॅप
१९ ऑक्टोबर

क्लेम,

तू जन्मापासून असाच. शाळेत डबा विसरायचास, चर्चमध्ये टोपी विसरायचास, स्वतःच्या लग्नात अंगठी विसरलास. तुमची नदीपलीकडची कचेरी अशांचे लाड करते. सही विसरला, या कॉफी प्यायला! उद्या घरी येऊन हात धरून खूण करतील.

आमच्याकडे असली थेरं नाहीत. जूनमध्ये जिल्ह्याच्या निवडणूक मंडळाची बैठक झाली. चुकलेल्यांना कळवायचं का, दुरुस्त करू द्यायचं का, यावर दोन तास काथ्याकूट. एक वकीलबाई डोळ्यांत पाणी आणून बोलत होती. आमची स्टेला गोम्बरपण उठली, वसंतातल्या निवडणुकीत हिनं पाकिटावर तारीख घातली नव्हती, मत बाद झालं, ते रडगाणं. शेवटी मी उठले. कुबडीवर. म्हटलं, "कागदावर सगळं लिहिलेलं असतं. मी आठवी शिकलेय, शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवत जन्म गेला, मला कळतं. ज्याला एक पाकीट नीट भरता येत नाही त्यानं घरी बसावं." टाळ्या, क्लेम! अध्यक्ष ऑस्ट्रँडर स्वतः हसला. पेपरात नाव आलं माझं. मंडळानं ठरवलं, कुणाला कळवायचं नाही, काही दुरुस्त करायचं नाही. संपलं.

म्हणून मी कुठं विचारायला जाणार नाही.

मार्नीनं लेफ्लरला अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर गप्प केलं. तो म्हणाला, "ताई, बस चालवणं वेगळं, गाव चालवणं वेगळं." ही म्हणाली, "खरंय, बसमध्ये मी पोरांना विकत नाही." सगळा हॉल खदखदा हसला.

व्ह.


ईस्ट हॅडली
२५ ऑक्टोबर

व्हर्ना,

हे पत्र रॉनी आजच्या आज तातडीच्या टपालानं टाकतोय. आधी खाली बस.

आज खसखस पेरायला घेतली. तू डकवलेला कागद दमट हवेनं सुटला. खाली ठळक अक्षरात छापलंय, 'अधिकृत मतपत्रिका'. आणि तुझ्या जिल्ह्याचं नाव.

हे तुझ्या मतपत्रिकेबरोबर आलेलं लहान पाकीट आहे ना? नाही म्हण, मी माफी मागतो.

मोठ्या पाकिटावर आपलं नाव आणि सही असते, व्हर्ना. मतपत्रिका तशीच त्यात घातली तर उघडणाऱ्याला कळतं, कुणी कुणाला मत दिलं. म्हणून आधी लहान पाकीट, मग ते मोठ्यात. त्याच्याशिवाय आलेलं मत मोजत नाहीत. बाजूला टाकतात.

अजून दिवस आहेत. उद्याच कचेरीत जा. हात जोड, भांड, काय करायचं ते कर. आणि मार्नीला सांग. तुझ्या तोंडून कळू दे.

क्लेम


टॅनर्स गॅप
३१ ऑक्टोबर

क्लेम,

होय. तेच पाकीट. झालं समाधान?

एका कागदाला दोन पाकिटं. मला वाटलं, सरकारची उधळपट्टी. चांगला कागद होता, ठेवून दिला. आई सुतळीचा तुकडासुद्धा फेकायची नाही, आपण तेच शिकलो. सूचनांचा कागद होता. वाचला नाही. त्यात काय असणार, असं वाटलं.

काल कचेरीत गेले. मार्नीला म्हटलं, डॉक्टरकडे जातेय, आणि शेजारच्या व्हर्जिलच्या ट्रकमध्ये बसून गेले. काउंटरवर ब्रेन्ना म्हणून पोरगी. मी म्हटलं, "माझं पाकीट काढ, आतलं पाकीट दे, मी तुझ्यासमोर भरते. दोन मिनिटांचं काम आहे."

"मिसेस हुडॉक, आलेलं पाकीट आम्हाला परत देता येत नाही."

"मग तू घाल."

"मला हातही लावता येत नाही."

"बरं, निदान सांग, बाद होणार की नाही?"

"तेही सांगता येत नाही."

"नदीपलीकडे फोन करतात, पेन देतात, कॉफी पाजतात!"

"नदीपलीकडचं मंडळ वेगळं. आमच्या मंडळानं जूनमध्ये ठरवलंय." मग पोरीनं माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्हीच ना त्या? कुबडीवर उठून बोललेल्या?"

मागं रांग होती. मला ऐकू येत नाही म्हणून मी ओरडून बोलते, सगळ्यांनी ऐकलं असणार.

जाताना ती हळूच काउंटरबाहेर आली. म्हणाली, मतदानाच्या दिवशी केंद्रावर जा, तात्पुरती मतपत्रिका मागा. ती मोजायची की नाही ते मंडळ नंतर ठरवतं. "मी सांगितलं म्हणू नका." पोर चांगली आहे. नोकरी सांभाळायची आहे तिला.

मार्नीला मी सांगणार नाही. तिच्या डोक्यावर आधीच खूप आहे. तूही सांगायचं नाहीस. ऐकलंस?

व्हर्ना


ईस्ट हॅडली
३ नोव्हेंबर

व्हर्ना,

केंद्रावर जा. बर्फ पडला तरी जा. आणि मतदानाच्या आधी मार्नीशी बोल. घाबरू नकोस तिला, तुझीच नात आहे.

क्लेम


टॅनर्स गॅप
२२ नोव्हेंबर

क्लेम,

इतके दिवस लिहिलं नाही कारण लिहायला सुचत नव्हतं. आता एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नकोस.

मतदानाला गेले. अग्निशमनच्या हॉलमध्ये नेहमीसारखं कोबी-नूडल्सचं ताट विकत होते, बाया हसतखिदळत होत्या. यादी घेऊन कोण बसलेलं? स्टेला गोम्बर. चष्म्यावरून बघून म्हणाली, "व्हर्ना, तुझं मत टपालानं आलेलं दिसतंय."

"आलंय. पण आतलं पाकीट राहिलं."

"काय?"

"आतलं पाकीट राहिलं!" सगळा हॉल वळून बघायला लागला.

स्टेलानं चष्मा काढला. "मला वाटलं, ज्याला पाकीट भरता येत नाही त्यानं घरी बसायचं असतं."

मी म्हटलं, "कागद देतेस की जाऊ?"

तिनं दिला. खुर्ची ओढून दिली आणि कुठं सही, कुठं तारीख, बोट ठेवून दाखवलं. एकदा नाही, दोनदा तपासलं. तेवढं मात्र म्हणायला हवं.

रात्री आकडे आले. मार्नी दोनशे सत्त्याऐंशी. लेफ्लर दोनशे सत्त्याऐंशी.

आमच्या वॉर्डात तात्पुरतं मत एकच होतं. ते कुणाचं, सगळ्या गावाला माहीत. आणि मी कुणाला मत दिलं तेही. ते लहान पाकीट मत गुप्त राहावं म्हणून असतं म्हणे. आता चौकात बोर्ड लावला असता तरी चाललं असतं.

मंडळाची बैठक सतराला झाली. लेफ्लरचा वकील होता. मार्नी मागच्या रांगेत बसचं खाकी जाकीट घालून बसलेली, थेट पाळीवरून आलेली. मी तिच्याकडे बघितलं नाही. ऑस्ट्रँडर म्हणाला, "मिसेस हुडॉक, तीन मिनिटं."

मी म्हटलं, "माझी मतपत्रिका तुमच्याकडे आहे. नाव आहे, सही आहे, तारीख आहे. मी जिवंत आहे, समोर उभी आहे. एक पाकीट कमी आहे. ते द्या, घालते."

ऑस्ट्रँडरनं चष्मा लावला आणि जूनच्या बैठकीचं टिपण वाचून दाखवलं. माझं नाव, माझं वाक्य, शब्द न् शब्द. कंसात 'टाळ्या' असंसुद्धा लिहिलेलं.

"हे तुम्हीच बोलला होतात ना?"

"बोलले होते."

"मग आम्ही वेगळं काय करतोय?"

उपहासानं नाही म्हणाला, क्लेम. खरंच विचारत होता. मी एवढंच म्हटलं, "तेव्हा माझं पाकीट नव्हतं." मागून कुणीतरी हसलं.

दोन विरुद्ध एक. माझं मत बाद. टपालाचं बाद, केंद्रावरचंही बाद. मंडळाच्या तिघांत एक बाई होती, ती एकटी माझ्या बाजूनं. जूनमध्ये मी तिलाच नावं ठेवली होती.

मग बरोबरी मोडायला चिठ्ठ्यांसारखं काहीतरी. चामड्याच्या बाटलीतून आकड्यांच्या लाकडी गोळ्या काढायच्या, लहान आकडा जिंकतो. लेफ्लरनं काढली, चार. मार्नीनं काढली, नऊ.

मार्नीनं गोळी परत बाटलीत टाकली, लेफ्लरशी हात मिळवला, मला घरी सोडलं. दारात मी म्हटलं, "मार्नी, तुला सांगायचं राहिलं." ती म्हणाली, "पायरीवर बर्फ आहे, आजी, कठडा धर."

तिच्या वकिलानं कोर्टात जाऊ म्हटलं. तिनं नको सांगितलं. म्हणे, आजीला पुन्हा उभं करून कुणाला हसू द्यायचं नाही.

व्हर्ना


ईस्ट हॅडली
२९ नोव्हेंबर

व्हर्ना,

तुला राग येणार आहे, येऊ दे.

पाकीट सापडलं त्याच दिवशी मी रॉनीला मार्नीकडे फोन करायला लावला. तुझं पत्र यायच्या आधीच. वाटलं, तिला माहीत असलं तर ती तुला घेऊन कचेरीत जाईल, तिचं कुणीतरी ऐकेल. तू नंतर लिहिलंस, सांगायचं नाही. तोवर सांगून झालं होतं. आणि मग मी तुझ्यापासून लपवलं.

मार्नी रॉनीला म्हणाली, "आजीला कळू देऊ नका मला माहीत आहे ते. ती स्वतः सांगेल. मी वाट बघते."

ती रोज सकाळी तुझ्या दारावरून बस नेते ना? रॉनी सांगत होता, त्या आठवड्यात रोज तुझ्या घरापाशी बसचा वेग कमी करायची. पोरं विचारायची, इथं तर कुणी चढत नाही, मग गाडी हळू करतेस कशाला?

मत गेलं ते पाकिटामुळे. बाकीचं पाकिटामुळे नाही गेलं, व्हर्ना. हे मी तुझा भाऊ म्हणून लिहितोय.

नाताळला इकडे ये. दोघीही या.

क्लेम


टॅनर्स गॅप
२१ जानेवारी २०२४

क्लेम,

नाताळला आले नाही. मार्नी नवऱ्याच्या माहेरी गेली होती. म्हणजे सासरी. बघ, माझं काय चाललंय.

तुझ्यावर चिडले होते. आता नाही. चिडायला बळ लागतं.

आठ तारखेला कौन्सिलनं पाणी विकलं. चारविरुद्ध तीन. लेफ्लरनं हात वर केला आणि झालं, मोजायला तेवढाच वेळ लागला. गेल्या आठवड्यात कंपनीची माणसं आली, निळ्या जाकिटातली, चांगली पोरं आहेत, प्रत्येक घराच्या तळघरात उतरून नवं मीटर बसवतात. माझ्याकडे आलेला पोरगा म्हणाला, "आजी, तुमच्याकडे पाणी फार छान आहे हो." मी त्याला हाकलला नाही. चहा दिला.

काल मार्नी आली. किराणा आणते ती दर शनिवारी, पोर्चवर ठेवून जाते. काल आत आली. कोट काढला नाही. खुर्चीच्या कडेवर बसली. मी म्हटलं, "मला माहीत आहे तू वाट बघत होतीस. क्लेमनं लिहिलं."

"हं."

"मी मंडळाकडे पुन्हा जाणार आहे. नियम बदला म्हणून सांगणार आहे. स्टेला बरोबर येतेय. त्या वकीलबाईलाही गाठलंय. सह्या गोळा करतोय."

"चांगलं आहे."

"तू सही करशील?"

"करीन." मग हातमोज्याचं बोट ओढायला लागली. म्हणाली, "आजी, एक विचारू? खरं सांगायचं."

"विचार."

"ते पाकीट स्टेलाचं असतं, आणि मी निवडणुकीला उभी नसते, तर तू गेली असतीस कचेरीत? तिच्यासाठी?"

मी खोटं बोलू शकले असते, क्लेम. पोर तेवढ्यासाठीच आत आली होती, मला दिसत होतं. हो म्हटलं असतं तर कोट काढून बसली असती, जेवली असती.

मी म्हटलं, "नाही. मी हसले असते."

तिनं मान हलवली. सह्यांच्या कागदावर माझ्या नावाखाली सही केली, तारीख घातली, पत्ता घातला, पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचून बघितलं. मग गळ्यापर्यंत बटणं लावली आणि गेली.

व्हर्ना